म्हसोबाच्या पट्टीतला वारा

मौजे कुसळेवाडी, पेटा शिराळा,
ता. २ एप्रिल १९४६

तीर्थरूप दादांच्या चरणी राहीचा नमस्कार.

इकडे सर्व खुशाल आहे. वहिनींची कंबर थंडीपुरतीच धरली होती, आता बरी आहे. म्हैस व्याली, रेडी झाली. तुम्ही इटलीहून सुखरूप बेळगावात आलात हे वहिनींना आलेल्या तुमच्या पत्रातून कळलंच होतं. नाथाजी पाटलांचा पुतण्या तुमच्याच पलटणीतून रजेवर आला, त्यानं वर सांगितलं की सुभेदारांच्या मिशीत आता काळ्यापेक्षा पांढरं जास्त. ते ऐकून वहिनींनी देवापुढं साखर ठेवली. का, ते मला विचारू नका.

मी तुम्हाला सरळ पत्र लिहिते आहे याचं नवल वाटेल. सहा वर्षांत तुमचं पत्र येतं ते वहिनींच्या नावानं, आणि त्याच्या अगदी तळाला "राहीस आशीर्वाद" एवढे दोन शब्द. वहिनींना वाचता येत नाही, म्हणून ते पत्र मीच वाचते आणि माझा आशीर्वादही मीच मोठ्यानं वाचते. तक्रार करत नाही. आशीर्वाद तो आशीर्वाद.

काम आहे म्हणून लिहिते. हल्ली आपल्या भागात साध्या लग्नांची चाल पडली आहे. हुंडा नाही, बेंडबाजा नाही, चार दिवसांचं जेवण एका दिवसावर. त्यात धान्यावर कंट्रोल, साखर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून गावानं ठरवलं की यंदा वैशाखात आपल्या आणि आसपासच्या वाड्यांतली अकरा लग्नं एकाच दिवशी, एकाच ठिकाणी लावायची. मराठ्यांची सहा, धनगरांची दोन, रामोशी, सुतार आणि न्हावी यांचं एकेक. चावडीवर हे ठरलं तेव्हा मी बायकांच्या बाजूला बसले होते. शेवटी सगळ्यांचा मुद्दा येऊन अडला तो जागेवर. देवळाच्या अंगणात अकरा बोहली मावत नाहीत. शाळेचं पटांगण म्हणजे हातरुमाल. बाकी जो तो म्हणतो, माझ्यात ऊस उभा आहे. मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, कारण शाळू काढून मोकळं झालेलं, चार एकर सपाट, दक्षिणेला रस्ता आणि उत्तरेला ओढा असलेलं रान गावात एकच आहे. आपली म्हसोबाची पट्टी.

दादा, रान तुमच्या नावावर आहे आणि तुमचा हुकूमही मला तोंडपाठ आहे. "त्या रानात पुन्हा मांडव घालायचा नाही आणि मेंढरू बसवायचं नाही." आपल्या धाकट्या मनूच्या लग्नात जे झालं त्यानंतर असा हुकूम देणं योग्यच होतं. कडब्याच्या तीन गंजी गेल्या, मांडव गेला, शेजारच्या नानासोंच्या उसाच्या पाच-सात सऱ्या होरपळल्या. गुंडा धनगराच्या चिलमीची ठिणगी पडून हे झालं असं त्या वेळी ठरलं, आणि त्याला गावानं हद्दीबाहेर काढलं. तेव्हापासून त्याचा मेंढरांचा वाडा दरसाल नदीपलीकडे, संस्थानच्या हद्दीत उतरतो. ते सगळं झालं गेलं.

तुमच्या परवानगीशिवाय त्या रानात मी एक खुंटीही ठोकू देणार नाही, हे मी चावडीवर सांगून आले आहे. तुम्ही नाही म्हणालात तर अकरा बाप आपापल्या दारात कर्ज काढून लग्नं करतील, आणि त्यातले निदान चार तरी पुढल्या वर्षावर ढकलतील. एवढंच माझ्या हातात होतं, ते लिहिलं.

वहिनींचा नमस्कार.

आपली आज्ञाधारक,
राही


कुसळेवाडी,
ता. २४ एप्रिल १९४६

ती. दादांच्या चरणी नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. पाकिटावर माझं नाव पाहून पोस्टमननंही मला दोनदा विचारलं की बाई, हे तुमचंच ना. आत प्रेमाचा शब्द एकही नाही, प्रश्न मात्र सतरा. तरी खरं सांगते, मी ते पत्र उशाखाली ठेवलं. जो माणूस सतरा प्रश्न विचारतो त्याला नाही म्हणायचं नसतं, एवढं मला कळतं.

तुम्ही पलटणीचे तळ घालणारे, आम्ही भाकरी थापणारे. पण तुमच्या प्रश्नांनी आमची झोप उडाली आणि त्यातूनच सगळी आखणी झाली. सोबत नकाशा जोडला आहे. सातवीच्या मुलींनी पावलं मोजून काढला आहे, भूगोलाचा तास सत्कारणी लागला. रस्ता, ओढा, विहीर, आंब्याची तीन झाडं, नानासोंचा ऊस आणि म्हसोबाचा दगड, सगळं जागच्या जागी आहे. तुमच्या शिपायांना दाखवा आणि हसा.

गाड्या रानात येणार नाहीत. रस्त्याच्या कडेला आकारामचं पडीक आहे, तिथं गाडीतळ. बैलांना पाणी आणि वैरण तिथंच, म्हणजे कुणाचं जनावर सुटून उसात शिरायचं कारण नाही. नानासोंच्या उसाच्या बाजूनं बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आहे, आणि त्याच्या अलीकडे आठ हातांचा पट्टा पाचट, पाला, काडी सगळं उचलून स्वच्छ नांगरून ठेवला आहे. नानासो रोज येऊन तो पट्टा पावलांनी मोजतात. मोजू देत. दुधानं तोंड पोळलंय, ताक फुंकणारच.

विहिरीवर फळ्या टाकल्या आहेत. पाणी शेंदायला एकच बाजू मोकळी, आणि तिथं पट्टीचा पोहणारा ज्योतिबा दिवसभर दोर घेऊन बसणार. मांडव वाळक्या पाल्याचा नाही, अजिबात नाही. आंब्याच्या सावलीत बोहली, आणि जिथं सावली पोचत नाही तिथं त्याच सकाळी तोडलेल्या ओल्या जांभळीच्या फांद्या. भाकरी प्रत्येक घरानं आपल्या चुलीवर भाजून फडक्यात बांधून आणायच्या. रानात फक्त आमटी आणि गुळाची खीर. त्यामुळे सोळा चुलींच्या जागी चारच लागतात आणि कंट्रोलवाल्यांनाही बोलायला तोंड उरत नाही.

बायकांची सोय काय, हा प्रश्न तुमच्या सतरांत नव्हता. तो वहिनींनी विचारला. हजार-बाराशे माणसांत निम्म्या बायका, आणि पुरुष मंडळींनी चर खणले ते फक्त स्वतःसाठी. वहिनी स्वतः कुदळ घेऊन ओढ्याच्या वळणाला गेल्या, मग चौघांना लाज वाटली. आता तिथं आडोसा आहे, पाण्याचे रांजण आहेत, आणि नंतर चर मातीनं बुजवायचे आहेत. हे लिहिताना वहिनी शेजारी बसून "त्यास्नी सांगा, ही माझी कल्पना" म्हणत आहेत. सांगितलं.

आता तुमचा चौथा प्रश्न. "चुली कुठं, वाऱ्याचं काय, आणि मागच्यासारखी चिलीम होऊ नये म्हणून काय केलं?"

चुली मुळी रानात नाहीत. ओढ्याचं पात्र कोरडं आहे, त्यात पुरुषभर खोल घळ आहे. तिथं खाली चुली. वारा कुठूनही आला तरी घळीच्या पोटात शिरत नाही. अन्न दोनशे पावलं वर वाहून आणायचं. केरबा आचारी यावर फार चिडला आहे. म्हणतो, उभ्या जन्मात चूल आग्नेय कोपऱ्यातच मांडली, आता बाईमाणसाच्या सांगण्यावरून खड्ड्यात बसून रांधू काय. शिवाय पहाटे पेटलेली चूल दहाच्या आत पाण्यानं विझवायची, राख ओली करून वर माती टाकायची, अशी अट आहे. दहानंतर त्या रानात विस्तव राहणार नाही, खिरीपुरतासुद्धा नाही. ही युक्ती माझी नव्हे. कुणाची, ते भेटीत सांगेन.

चिलीम, विडी मांडवात बंद आहे.

एक गोष्ट कानावर घालते. धनगरांच्या दोन लग्नांतली एक मुलगी गुंडाची आहे. बनू नाव. मुलगा आपल्याच धनगरवाड्यातला, म्हणून त्याच्या बापानं नाव दिलं. यादी वाचताना गुंडाचं नाव आलं तशी चावडीवर कुजबूज झाली. नाथाजी म्हणाले, ज्यानं रान पेटवलं त्याची पोर त्याच रानात बोहल्यावर उभी करायची, हे देवाला तरी बरं दिसेल का. मी म्हणाले, लेकीचा काय दोष. तेवढ्यावर नाव राहिलं. पण गुंडानं मागून निरोप धाडला की चुलता कन्यादान करील, मी त्या रानात पाय ठेवत नाही. नाथाजी म्हणाले, बरंच झालं.

लग्नं वैशाख शुद्ध दशमीला, ११ मे रोजी. तुमचा होकार तारेनं कळवा. रजा मिळत असेल तर या. मिळत नसेल तर तुमच्या जागी नकाशा आहे.

आपली आज्ञाधारक,
राही


कुसळेवाडी,
ता. १५ मे १९४६

ती. दादा,

नमस्कार. तुमची तार वेळेत पोचली होती. "परवानगी. वारा सांभाळ." तारेतल्या शब्दांना पैसे पडतात, त्यात तुम्ही वाऱ्यावर दोन शब्द खर्च केलेत, हे मी विसरणार नाही.

आधी विजयाची बातमी सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही पत्र फाडलंत तरी एवढं तरी वाचलेलं असावं. अकरा लग्नं लागली. आसपासच्या वाड्या धरून बाराशेच्या वर माणूस जेवलं. नानासोंच्या उसाचं एक पान मोडलं नाही. त्यांनी स्वतः संध्याकाळी काठानं फिरून पाहिलं आणि जाताना आंब्याखाली उरलेली खीर मागून नेली. विहिरीत काही पडलं नाही, एक तांब्या सोडून, तो ज्योतिबानं बुडी मारून काढला आणि दिवसभर बसल्याचं सार्थक झालं म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा नवऱ्यांनी आपापल्या हातानं पत्रावळी गोळा करून खड्ड्यात पुरल्या, चर बुजवले, तुडवलेले बांध नीट केले. ही अट मी घातली होती. हळदीच्या अंगानं नवरे पत्रावळी उचलताहेत हे पाहायला आख्खी गल्ली जमली होती. नवऱ्या मुली तोंडाला पदर लावून हसत होत्या. दुपारी मी रानात उभी राहिले तेव्हा तिथं बाराशे माणूस येऊन गेलं होतं हे फक्त म्हसोबाच्या दगडावरच्या गुलालावरून कळत होतं. दादा, मी तिथं एकटीच मोठ्यानं हसले. इतकं बरं मला साताऱ्याच्या ट्रेनिंगचा निकाल लागला तेव्हाही वाटलं नव्हतं.

आता दुसरं.

सहा वर्षांपूर्वी मनूच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला पत्र लिहिलं. केसांना अजून धुराचा वास होता. त्यात मी लिहिलं की गुंडाच्या चिलमीची ठिणगी कडब्यावर पडली. ते खोटं होतं. चिलीम नव्हती. चूल होती. माझी चूल.

तेव्हा गुंडाची मेंढरं खतासाठी आपल्याच पट्टीत बसवली होती, तुम्हीच ठरवून गेला होतात. लग्नाच्या आदल्या दिवशी मी चुलीची जागा आखत होते. केरबा म्हणाला आग्नेय कोपरा, अग्नीची दिशा तीच. मी मास्तरीण, नुसत्या शास्त्रावर कशी जाईन, म्हणून पदराचं टोक धरून वारा पाहिला. वारा पश्चिमेचा. धूर मांडवापासून दूर, पूर्वेला जाणार. शास्त्रही जुळलं, भूगोलही जुळला. मला माझं फार कौतुक वाटलं. गुंडा काठी टेकून पाहत होता. तो म्हणाला, "बाई, चूल तितं नगं. हे वळवाचं दीस हाईत. दुपारच्याला वारं फिरतंय, उगवतीकडनं येतंय." मी त्याला म्हणाले की मेंढरं हाकणाऱ्यानं मला वारे शिकवू नयेत, चौथीच्या पुस्तकात आहेत ते.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझ्या बाबतीत रान रिकामं झालं. चार वाजता वळवाचा वारा उगवतीकडून आला, चुलीतला विस्तव उचलून मांडवावर टाकला आणि मांडवावरून गंजीवर. पुढं काय काय जळलं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक नाही ते हे, की गंजींच्या आडोशाला गुंडानं नऊ कोकरं डालग्यांखाली झाकून ठेवली होती. तो मांडवातली माणसं बाहेर ओढत होता. मनूच्या सासूला त्यानं ओढून काढलं. तो कोकरांकडे पळाला तोवर डालगी पेटली होती.

संध्याकाळी कुणीतरी म्हणालं, धनगराची चिलीम असेल. मी होय म्हणाले नाही. मी नुसती गप्प बसले. आणि रात्री पत्रात मात्र होय लिहिलं. मला वाटलं, मनूच्या सासरचे म्हणतील हिच्या माहेरच्या चुलीनं लग्न जाळलं. त्याहून खरं म्हणजे, मला तुमची भीती वाटली. सगळ्या भाऊबंदांशी भांडून तुम्ही विधवा बहिणीला साताऱ्याला शिकायला पाठवलंत, ते म्हणायचे पोरीला शिकवून काय मिळवलंस. त्यांना उत्तर मीच दिलं असतं, तीन गंजी जाळून. तुमचा हुकूम माझ्या पत्रावरून आला, आणि चावडीवर तो वाचून दाखवला मीच. गुंडा समोर उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता निघून गेला.

तुम्ही माझ्याशी अबोला धरलात तो मी मनूचं लग्न तुमच्या रजेसाठी थांबवलं नाही म्हणून, हे मला माहीत आहे. पण मी तो अबोला दुसऱ्या गोष्टीची शिक्षा म्हणून सोसला. त्यामुळे सोपा गेला.

तर आता युक्ती कुणाची, ते सांगते. तुमचा चौथा प्रश्न वाचला आणि मला कळलं की त्याचं उत्तर गावात कुणाकडे नाही. एका रविवारी वहिनींना घेऊन नदी ओलांडली. गुंडा वाड्यात मेंढरांच्या पायांना औषध लावत बसला होता. मी नकाशा त्याच्यापुढं ठेवला आणि विचारलं, चूल कुठं मांडू. त्यानं नकाशाकडे पाहिलंच नाही. म्हणाला, "आवं बाई, मागल्या खेपंला बी सांगितलंच हुतं की." मी म्हणाले, हो, सांगितलं होतं. त्यावर त्यानं दोष दिला असता तर बरं झालं असतं. त्यानं घळीची जागा सांगितली, दहाची वेळ सांगितली, ओल्या फांद्या सांगितल्या. आणि शेवटी म्हणाला, "माझ्या बनूच्या लग्नात धूर नगं, बाई. यवडंच बघा." मी हो म्हणून परत आले. तुम्हाला त्याच आठवड्यात पत्र लिहिलं आणि त्यात "ही युक्ती माझी नव्हे" एवढंच लिहायचं धाडस झालं.

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊला सगळं कसं जागच्या जागी होतं. घळीत आमटी उकळत होती. केरबा वर येऊन कबूल करून गेला की खाली डोळ्यांत धूर जात नाही. नाथाजींनी पत्र्याचा कर्णा घेऊन सगळ्यांना नियम सांगितले: गाड्या कुठं, पाणी कुठं, बायकांचा आडोसा कुठं. विडी, चिलीम बंद, म्हणाले, आणि वर स्वतःची भर घातली की मागं एका चिलमीनं काय केलं ते सगळ्यांस्नी ठावं हाय. बाराशे माना धनगरांच्या बाजूला वळल्या. बनू मुंडावळ्या बांधून बसली होती. तिनं मान खाली घातली, ती वर केली नाही.

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. मी जाऊन नाथाजींच्या हातातला कर्णा घेतला. वर्गात ओरडायची सवय आहे, तरी आवाज पहिल्या शब्दाला फाटला. म्हणाले, "चिलीम नव्हती. आग माझ्या चुलीनं लागली. गुंडानं मला आदल्या दिवशी बजावलं होतं, मी ऐकलं नाही, आणि नंतर खोटं बोलले. आज ज्या घळीत आमटी शिजते ती जागाही त्यानंच दाखवलेली आहे." एवढंच. भाषण तयार केलं होतं, ते विसरले.

नाथाजी माझ्या अगदी जवळ येऊन हळू म्हणाले, "मास्तरीणबाई, ह्ये आजच सांगायचं हुतं व्हय?" मी म्हणाले, सहा वर्षं उशीर झालाय, आणखी कशाला थांबू. तेवढ्यात वहिनी बायकांतून उठल्या. त्यांचा आवाज तुम्हाला माहीत आहे, कर्णा लागत नाही. म्हणाल्या, "त्या दिवशी त्या चुलीवर पाणी मीच वतलं हुतं. मला न्हाई ठावं तर कुणाला? सा वर्षं वाट बघतिया, आमच्या मास्तरणीला खरं बोलाया कवा येतंय."

दादा, सहा वर्षं त्या मला रोज भाकरी वाढत होत्या आणि तुमची पत्रं माझ्याकडून वाचून घेत होत्या. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी मला फक्त कर्णा खाली ठेवायची खूण केली.

नाथाजींनी मग फेटा नीट केला आणि आपलं तट्टू मागवलं. पुतण्या म्हणाला, मी जातो काका. ते म्हणाले, "हद्दीबाहेर मी काडला, मलाच गेलं पायजे." साठीचा माणूस, भर उन्हात नदीत तट्टू घातलं. इकडं मुहूर्त जवळ यायला लागला. दहाला चुली विझल्या, राखेवर माती पडली, आणि भटजी सूर्याकडे पाहून चुळबूळ करायला लागले. कुणीतरी त्यांना खिरीचा वाडगा दिला, तशी पंचांगात आणखी अर्धी घटका निघाली.

मग ओढ्याच्या वरच्या अंगाला ते दिसले. नाथाजी गुंडाला तट्टावर बस म्हणत होते, गुंडा बसत नव्हता, आणि तो बसत नाही म्हणून नाथाजीही बसत नव्हते. दोघंही चालत, आणि तट्टू मोकळंच मागून. गुंडा रानाच्या बांधापाशी येऊन थांबला. खरंच थांबला, पाय उचलेना. तेव्हा नानासो, ज्यांचा ऊस जळला होता ते नानासो, पुढं झाले आणि म्हणाले, "ये रं गड्या, मुहूर्त जातुय." तो आत आला. बनूनं मान वर केली. कन्यादान बापानं केलं.

माझ्यासमोरून जाताना तो म्हणाला, "धूर न्हाई दिसत, बाई." मी म्हणाले, नाही.

आणि चार वाजता वारा आला. अगदी त्याच वेळेला, उगवतीकडून, धुळीचा लोट घेऊन. निम्मी माणसं अजून रानात होती. टोप्या उडाल्या, जांभळीच्या फांद्या आडव्या झाल्या, एका नवऱ्याचा शेला थेट नानासोंच्या उसावर जाऊन बसला. उरलेल्या सगळ्यांनी एकाच वेळी ओढ्याकडे पाहिलं. घळीतून काहीही वर आलं नाही. ना ठिणगी, ना धूर. केरबानं ओल्या राखेवर पाय आपटून दाखवला. मग आधी बायका हसल्या, मग सगळेच हसले, आणि पोरं उडालेल्या टोप्यांमागं धावली. मी खाली बसले आणि रडले. आनंदानंच, पण रडले.

आता शेवटचं, आणि त्यासाठी मला जी शिक्षा द्याल ती मान्य आहे. बाराशे माणसांच्या पायांनी पट्टी दगडासारखी घट्ट झाली आहे, आणि सहा वर्षं तिला खत नाही, कारण मेंढरू बसवायची बंदी. गेल्या चार हंगामांत शाळूचं कणीस बोटाएवढं येतंय, ते मी तुम्हाला कधी कळवलं नाही. परवा मी गुंडाला सांगितलं की तुझी मेंढरं आमच्या पट्टीत बसव. तो म्हणाला, सुभेदारांचा हुकूम हाय न्हवं. मी म्हणाले, तो हुकूम माझ्या खोट्या पत्रावर उभा होता. त्याच रात्रीपासून साडेतीनशे मेंढरं आपल्या रानात बसताहेत. खुरांनी ढेकळं फुटली, लेंड्यांचा थर पडला, आणि गंजींच्या जुन्या जागी नवी कोकरं डालग्यांखाली आहेत. रान तुमचं, हुकूम तुमचा, आणि तो मी तुम्हाला न विचारता मोडला आहे. बाकी सगळ्याची मला लाज वाटते, याची नाही.

एक मागणं आहे. गुंडाला पत्र लिहा. त्याच्या नावानं, वेगळ्या पाकिटात. एका पत्रानं तो गावाबाहेर गेला, त्याला आत आणणारंही पत्रच असावं, आणि ते रानाच्या मालकाचं असावं. त्याला वाचता येत नाही. चावडीवर उभी राहून मी वाचून दाखवीन. त्यात माझ्याबद्दल जे लिहाल तेही वाचीन, एक शब्द गाळणार नाही. वहिनी शेजारी बसतील, म्हणजे गाळताही येणार नाही.

ते लिहून झाल्यावर, जमलं तर, या. मेंढरं आणखी आठ दिवस आहेत. बांधावर उभं राहून पाहण्यासारखं रान झालं आहे.

आज्ञा मोडलेली,
तुमची राही